हळदीच्या ताटातला विषाणू

मी लहान मुलांची शी गोळा करते, हे आमच्या घरात पहिले चार महिने कोणी मोठ्याने बोललं नाही. बाबा भिवंडीतल्या एका शाळेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. आळीत कोणी विचारलं की ते सांगायचे, "मुलगी संशोधनात आहे." कसलं, असं पुढे कोणी विचारलंच तर चष्मा काढून पुसायला लागायचे. आई माझा आईसबॉक्स उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. तो रिकामा असतो, धुतलेला असतो, हे मी तिला कितीदा तरी सांगितलं. "असू दे," ती म्हणायची, "पण तो कशाचा आहे ते मला माहितीये ना."

मला मात्र त्या दिवसांत सकाळी उठायची घाई असायची. त्याचं कारण आमच्या मॅडम.

मॅडम शास्त्रज्ञ. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात लहान मुलांच्या उलट्या-जुलाबांवर गेली होती. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने बारीक, नेसायला सुती साडी आणि पायात पळायचे बूट. एमएस्सी होऊन दोन वर्षं शिकवण्या घेत बसलेल्या मला त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "किळस येते का तुला?"

"नाही," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

"सगळ्यांना येते. येऊ दे. फक्त डबी सांडायची नाही."

एवढ्यावर मला नोकरी मिळाली. एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. एका खोलीत फ्रीज आणि तपासणीची यंत्रं, दुसरीत टेबलं आणि चहा. मॅडमचा प्रश्न साधा होता. रोटा नावाचा विषाणू लहान मुलांना जुलाबाने बेजार करायचा, त्याची लस आता सरकारी दवाखान्यात बाळांना तोंडातून देतात. त्यामुळे रोटाचा जोर कमी झाला. मग जी मुलं अजूनही आजारी पडतात, त्यांच्या पोटात आता कोण येऊन बसतं? हे कळायचं तर जन्मल्यापासून दोन वर्षांपर्यंत मुलांच्या मागे लागायला हवं. दर आठवड्याला एक डबी, आणि जुलाब लागले तर त्याच दिवशी.

डब्या गोळा करायला माझ्या जोडीला एक मावशी होत्या. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळेच त्यांना मावशी म्हणत. मूळच्या पूर्णा गावच्या, आगरी. शेतं होती तिथे आता गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येत होतं आणि मावशींना घरात बसवत नव्हतं. "सुना काम करू देत न्हाय, टीव्ही बघून डोले दुखतात," असं म्हणून त्या आमच्याकडे कामाला लागल्या. आईसबॉक्स मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरच्या मागे एका बाजूला बसायच्या आणि वळणावर मलाच सांगायच्या, "बाय, सावकाश. माल हाय."

पहिला महिना कोणी दारात उभं करेना. वस्तीतल्या यंत्रमागांच्या खटखटीत आम्ही काय मागतोय ते आधी ऐकू जायचं नाही, आणि ऐकू गेलं की दार बंद व्हायचं. एका बाईला वाटलं आम्ही करणी करणार. यंत्रमागावरचा एक कारीगर शिफ्ट संपवून अंगावरचा कापूस झटकत घरी आला होता. तो अगदी शांतपणे म्हणाला, "कोरोना में नाक में डाला, अब नीचे आ गए?" मी स्कूटरकडे वळले. मावशी मात्र दारातच फतकल मारून बसल्या आणि त्याच्या बायकोला विचारलं, "तेरा बच्चा रातको सोता क्या?" तिथून पुढे अर्धा तास दोघी बाळाच्या झोपेवर बोलत राहिल्या. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, किती द्यायचं, हे मावशींनी दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या घरातून पहिली डबी आली. मी ती अशी हातात धरून आणली जशी कोणी तुपाची वाटी आणावी.

त्या डबीची तपासणी मॅडमनी माझ्याकडूनच करून घेतली. प्लास्टिकच्या ताटलीत छोटे छोटे खळगे असतात. सगळे थेंब, सगळी धुणी नीट झाली आणि विषाणू असला, तर खळग्यातलं पाणी निळं होतं, आणि शेवटचा थेंब टाकला की पिवळं. माझ्या डोळ्यांदेखत एक खळगा पिवळाधमक झाला. मी उडीच मारली. मग एकदम लाज वाटली, कारण पिवळं म्हणजे कोणाचं तरी बाळ आजारी. मॅडमना ते दिसलं. "नाच," त्या म्हणाल्या, "पण नाचून झालं की त्या घरी जाऊन बाळ बघून ये." मी तशीच स्कूटर काढून गेले. बाळ आईच्या मांडीवर बसून केळं खात होतं.

आता पूर्ण्याच्या हळदीकडे येते.

मावशींच्या पुतण्याचं लग्न ठरलं. मुलगी मानकोलीची, तिथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. मावशींनी आम्हा दोघींना हळदीचं आमंत्रण दिलं आणि मॅडमना बजावलं, "बुटावर आलात तरी चालंल, पन यायचा." मॅडम खरोखरच साडीवर बूट घालून आल्या. मांडवात बेंजोचा बँड लागला होता. दुपारपासूनच अर्धं गाव जमलेलं. जेवणाच्या पंगतींवर पंगती उठत होत्या, मटणाचा वास गोदामांपर्यंत गेला असेल. नवरदेव पाटावर बसला होता आणि त्याच्या शेजारी, हळदीच्या ताटाला लागून, मावशींची दीड वर्षाची नात. तिने दोन्ही हात ताटात घातले होते आणि दिसेल त्याला हळद लावत होती. सगळ्यांना तिच्याच हातची हळद हवी होती. प्रत्येकजण गाल पुढे करायचा, तिचे पिवळे हात धरून मुका घ्यायचा आणि तिला पुढच्याच्या कडेवर द्यायचा. मीही घेतला.

ऊन उतरायच्या सुमाराला ती मावशींच्या कडेवर होती आणि तिने भडाभडा उलटी केली. मावशींची नवी साडी गेली. "दृष्ट लागली," कोणीतरी म्हणालं. साडी पदरानेच पुसली, मीठ-मिरच्या ओवाळल्या, पोरीला दुसरा फ्रॉक घातला आणि ती पुन्हा सगळ्यांच्या कडेवर फिरू लागली. मॅडम तेव्हा बायकांच्या फेरात नाचत होत्या. मीही त्यांच्या मागे. संध्याकाळी आम्ही पिवळ्याधमक तोंडाने घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी ऑफिसात नोंदी करत होते. मावशींचा फोन आला.

"बाय, घरात संडासला रांग लागलीय."

"कोणाकोणाला?"

"कोनाला नाय ते इचार. सकाळपासून उलट्या, जुलाब. संध्याकाली लगीन हाय आनि नवऱ्याची आत्या न्हानीतून बाहेर येत नाय."

मी फोन मॅडमकडे दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरगी कशी आहे ते दोनदा विचारलं, आणि फोन ठेवून खुर्चीवर बसल्या. "माझ्या डोळ्यांसमोर उलटी झाली," त्या म्हणाल्या, "आणि मी नाचत होते." मग ताडकन उठल्या. "डब्या किती आहेत?"

होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या. साबणाच्या वड्या, ब्लीच, ओआरएसची पाकिटं, दोन्ही आईसबॉक्स. मी सॅनिटायझरची बाटली उचलली तर मॅडमनी ती परत ठेवायला लावली. "मला जो वाटतोय तो असेल, तर तो याला भीक घालत नाही. साबण घे." रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी आमच्या अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना फोन लावला, काय झालंय ते सांगितलं, लग्नघरात नमुने घ्यायची परवानगी मिळवली. पलीकडून त्यांना काहीतरी विचारलं गेलं असावं. मॅडम म्हणाल्या, "हो, मीही जेवले तिथे. मला अजून काही नाही. झालं की कळवते."

मांडवात वेगळंच चाललं होतं. नवरदेवाचे वडील, म्हणजे मावशींचे दीर, आचाऱ्यासमोर उभे होते. आचारी पन्नाशीचा, पाठीत वाकलेला माणूस, पालथ्या घातलेल्या टोपावर डोकं धरून बसला होता. मटण शिळं होतं, असं चारजण म्हणत होते. आचारी एवढंच म्हणत होता, "सकाळी माझ्यासमोर कापला. माझी पोरं पन तेच जेवली."

मॅडम त्या दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. दिरांना म्हणाल्या, "दादा, याला नंतर ओरडा. आधी छोटी कुठे आहे ते दाखवा."

पोरगी आतल्या खोलीत आईच्या मांडीवर पडली होती. कालचा सगळा तोरा गेलेला. मॅडम खाली बसल्या, तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ओठ बघितले. पोरगी क्षीण रडली. "बघ," मॅडम मला हळूच म्हणाल्या, "रडते, पण डोळ्यांत पाणी नाही." सकाळपासून ती पाणी प्यायली की ओकत होती, म्हणून घरच्यांनी पाणीच बंद केलं होतं. मॅडमनी ओआरएस कालवलं, चमचा घेतला आणि आईला सांगितलं, "एक चमचा. मग थांबायचं. मग एक चमचा. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. दोन तासांत शू झाली नाही तर सलाइनला न्यायचं, लग्न असो नाहीतर काही असो." मावशींच्या मुलाने गाडी दारात आणून उभी केली.

मग पोरीला स्वतःच्या मांडीवर घेऊन चमचा मॅडमनीच धरला. मला म्हणाल्या, "तू डब्या बघ. आणि प्रत्येकाला विचार, काय खाल्लं, कधी खाल्लं, पहिली उलटी कधी."

मी आणि मावशी घरभर फिरलो. मावशींची स्वतःची अवस्था बरी नव्हती. मधेच "आलंव" म्हणून जायच्या आणि येताना डबी घेऊनच यायच्या. पाहुण्यांना आधी हसू आलं, मग राग, मग मावशींनी सगळ्यांना एका दमात सांगितलं, "आमी रोज लोकांच्या पोरांची मागतंव, आज आपली द्यायची येल आली तर लाजता?" त्यानंतर डब्या येऊ लागल्या. नवरदेवाच्या काकांनी तर डबीवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहून आणलं. नाव नको, फक्त नंबर, असं सांगून मी ते पुसलं, तर त्यांचा चेहरा पडला.

वहीत लिहिता लिहिता मला एक गोष्ट दिसायला लागली. माळ घातलेल्या चार म्हाताऱ्या होत्या. त्या मटणाला शिवत नाहीत, त्यांचं जेवण शेजारच्या घरातून आलं होतं. चौघींपैकी तिघी आजारी. उलट गोदामावरचे वॉचमन डब्यात मटण भरून घेऊन गेले होते, मांडवात थांबले नव्हते. मी गेटपर्यंत धावत जाऊन विचारून आले. सगळे ठणठणीत. एकाने उलट विचारलं, "और है क्या?" मी पळत परत आले, दम लागलेला, वही मॅडमसमोर धरली.

मॅडमनी चमचा न थांबवता वही वाचली. मग चौथ्या म्हातारीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हिला विचार, काल हळद लावून घेतली का?"

म्हातारी म्हणाली, "माजे तोंडाला हालद चालत न्हाय, आग होते. मी लांब बसलेली."

मी वहीत तिच्यापुढे 'हळद नाही' असं लिहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं. घरात एवढे आजारी लोक पडलेले आणि मला आनंदाने नुसतं भरून येत होतं. तेवढ्यात मॅडमच्या मांडीवर काहीतरी झालं आणि त्या जोरात हसायला लागल्या. पोरीने शू केली होती. सगळी साडी भिजली. मॅडमनी ती ओली साडी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "शू केली, शू केली," असं त्या दारातून ओरडल्या आणि मांडवातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पोरीची आई रडू लागली. पोरगी मॅडमच्या बुटाची नाडी ओढत होती.

मग मॅडम मांडवात गेल्या आणि दिरांना सांगितलं, "मटणाचं काही दिसत नाही. मला वाटतं हा नोरो नावाचा विषाणू आहे. छोटीच्या पोटात होता, तिच्या हातावरून हळदीत आला आणि हळदीवरून आपल्या सगळ्यांच्या तोंडात. वाटतं म्हणते आहे, नक्की डब्यांवरून कळेल."

दीर आचाऱ्याजवळ जाऊन म्हणाले, "चाय घेतलीस का?" त्याने नकारार्थी मान हलवली. दिरांनी स्वतः त्याला चहा आणून दिला.

लग्न झालं, पूर्ण्याच्याच मांडवात. मानकोलीकडच्यांना फोनवर सगळं खरं सांगितलं. नवरीने मॅडमशी स्वतः बोलायचं म्हटलं. "मला होईल का?" तिने विचारलं.

"होऊ शकतं. दोन दिवसांत बरी होशील. येताना साबण आण."

ती साबणाचं अख्खं खोकं घेऊन आली आणि मांडवाच्या दाराशी आपल्या भावाला उभं केलं. हात धुतल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही. भटजींनी मंगलाष्टकं इतक्या भरधाव म्हटली की अक्षता टाकायची वेळ चुकत होती. तरी नवरदेव मधे दोनदा अंतरपाटामागून उठून गेला. दोन्ही वेळा वऱ्हाड उभं राहून त्याची वाट बघत होतं, आणि परत आला की बेंजोवाले वाजवून त्याचं स्वागत करत होते. दुसऱ्यांदा तर नवरीही हसत होती.

मला दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झालं. किती वेळा गेले ते मोजलं नाही. सकाळी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाजही खोल गेला होता.

"तुलाही?"

"हो."

"मलाही. डबी ठेवलीस ना?"

ठेवली होती. पण ती ऑफिसात कोण नेणार? मला उभं राहता येत नव्हतं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते आत गेले, पायजम्यावर शर्ट चढवला, आईसबॉक्स उचलला आणि निघाले. ते बाजारपेठेतून चालत गेले. वाटेत त्यांच्या शाळेतले एक जुने सर भेटले आणि डब्यात काय आहे म्हणाले. बाबांनी घरी येऊन मला सांगितलं, "मी म्हटलं, मुलीची शी आहे. तपासायला चाललोय."

"मग?"

"मग काय, त्यांनी विचारलं, कशासाठी. मी सांगितलं सगळं. नोरोचं, हळदीचं. तासभर उभे होतो." ते खुर्चीवर बसले. त्यांना दम लागला होता, पण चेहरा खुलला होता. आईने आतून विचारलं, "एवढा वेळ बर्फ टिकला का?" टिकला होता.

नोरोची तपासणी आमच्याकडे होत नसे, म्हणून डब्या मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या; आठवड्याने तिथून निकाल आले. नोरोच होता. छोटीच्या, म्हाताऱ्यांच्या, मावशींच्या, माझ्या, मॅडमच्या, ज्या ज्या डबीत सापडला तिथे एकच प्रकार. मॅडमनी फोन ठेवला, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझे दोन्ही हात धरून गोल फिरल्या. खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर काय पडलं ते बघायला वर आला.

आम्ही पूर्ण्याला जाऊन सांगितलं. आचारी मुद्दाम आला होता. त्याने एकच मागितलं, मटणाचा दोष नव्हता असं कागदावर लिहून द्या. मॅडमनी लिहून दिलं, सही केली. त्याने तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि आता कोणी स्वयंपाक ठरवायला आलं की आधी तो दाखवतो, असं मावशी म्हणतात.

एक गोष्ट मात्र आम्ही कोणालाच सांगितली नाही. डब्यांवर नाव नसतं, नंबर असतो, पण त्या दिवशी डब्या मीच गोळा केल्या होत्या, त्यामुळे एक नंबर माझ्या लक्षात राहिला होता. त्या डबीत काहीच सापडलं नाही. मॅडमनी ती दोनदा तपासायला लावली, मग तिसऱ्यांदा स्वतः तपासली. ना नोरो, ना रोटा, काहीच नाही. बोहल्यावरून दोनदा उठलेल्या माणसाचं पोट अगदी स्वच्छ होतं.

"मग त्याला काय झालं होतं?" मी विचारलं.

मॅडमनी अहवालाच्या रकान्यात 'निगेटिव्ह' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. "लग्न," त्या म्हणाल्या.